कूलंट कमी होतंय, पण जातंय कुठे?

बाटलीतली पातळी खाली गेली की पाणी ओतायचं आणि कामाला निघायचं, असा नेमच पुण्यातल्या कितीतरी जुन्या गाड्यांच्या बाबतीत पडून गेलेला असतो. गाडी चालते, टेंपरेचरचा काटा मध्यावर असतो, हिंजवडीला जाऊन-येऊन काही बिघडत नाही. मग गॅरेजमध्ये एक दिवस कशाला घालवायचा, असं वाटतं. पण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, पेट्रोलसारखं खर्च होत नाही. तेच ते इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून इंजिनात फिरत राहतं. बाटलीतून वर्षभरात थोडंफार पाणी उडून जातं, तेवढं सोडलं तर पातळी घटण्याची कारणं दोनच: ते बाहेर सांडतंय, नाहीतर इंजिनाच्या आत शिरतंय. बाहेरची गळती बहुतेक वेळा कमी खर्चात निस्तरते. आतली उशिरा कळली तर हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागतं. आणि बाहेरच्या गळतीकडे काणाडोळा केला की तिचीच पुढे आतली होते, कारण कूलंट कमी पडून गाडी एकदा जरी जबर तापली, तरी अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकू शकतं आणि त्याखालची गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट ठेवणारी चकती, जाऊ शकते.

गळतीची शंका आली की आपण बॉनेट उघडून ‘कुठून गळतंय’ ते पाहायला लागतो. माझं सांगणं असं, की आधी ‘कधी गळतंय’ ते पाहा. वेळ कळली की जागा निम्मी सापडलेली असते. हे का, ते कळण्यासाठी रेडिएटरच्या झाकणाच्या आत काय चालतं ते पाहू.

झाकणावरचा तो आकडा

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. त्यामुळे उघड्या पातेल्यातलं पाणी इथे ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. इंजिनातलं कूलंट मात्र रोजच ९० ते १०० अंशांवर फिरत असतं. ते उकळू नये म्हणून पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं असतं. निम्मं-निम्मं मिश्रण समुद्रसपाटीला १०७ अंशांच्या आसपास उकळतं. शिवाय प्रेशर कुकरसारखं झाकण लावून सगळं दाबाखाली ठेवलेलं असतं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसतो, तो या दाबाचा, ‘बार’ या एककात. ०.९ बारच्या झाकणाखाली पुण्यात साधं पाणीसुद्धा ११७ अंशांपर्यंत उकळत नाही.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला, पाणी चालतं की’ हे वाक्य मी फार ऐकतो आणि दर वेळी मला वाईट वाटतं. कूलंटमध्ये गोठण्याविरुद्धचा गुण असतो हे खरं, पण आपल्या कामाचे गुण दुसरे आहेत. त्याने उकळण्याचा अंश वर जातो आणि त्यातली गंजरोधक रसायनं आतला धातू सांभाळतात. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीचा ब्लॉक आतून गंजतो, कूलंट फिरवणाऱ्या पंपाची पाती झिजतात आणि मग जी गळती सुरू होते ती एका जागेवर थांबत नाही. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आणखी वाईट. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात.

झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की जास्तीचं कूलंट बाटलीत सोडते. छोटी झडप गाडी थंड होताना उघडते आणि तेच कूलंट रेडिएटरमध्ये परत ओढून घेते. ही छोटी झडप अडकली तर बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर वरून रिकामा, असा प्रकार होतो. म्हणून नुसती बाटली पाहून ‘पाणी आहे’ असं म्हणू नये. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर गाडी पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, ते उघडून तोंडापर्यंत कूलंट आहे का ते पाहावं. गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचा वरचा होज पाइप (जाड रबरी नळी) चपटा झालेला दिसला तरी संशय याच झडपेवर घ्यावा. झाकण हा सगळ्या सिस्टिममधला स्वस्तातला भाग आहे. त्याचं रबर कडक झालेलं असेल तर फार विचार न करता, त्याच आकड्याचं नवीन घ्यावं.

कधी गळतंय?

गाडी थंड असते तेव्हा आत दाब नसतो, गरम झाली की असतो. सगळी मेख इथे आहे.

रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी थेंब दिसत असतील आणि दिवसा काही दिसत नसेल, तर बहुधा पाइप आवळून धरणारा क्लॅम्प ढिला आहे, किंवा होज पाइपचं तोंड कडक होऊन जागेवर नीट बसत नाही. थंडीत रबर आणि धातू दोन्ही आकसतात, पकड सुटते, थोडं पाझरतं. इंजिन तापलं की सगळं फुगून फट आपोआप मिटते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट गारठते, तेव्हा अशा गळत्या हमखास डोकं वर काढतात.

याउलट, गाडी चालताना पातळी घटते, पण पार्किंगची फरशी कोरडी, अशी तक्रार असेल तर गळती बहुधा दाबाखालची आहे. केसाएवढ्या चिरेतून फवारा उडतो आणि तापलेल्या इंजिनावर पडून तिथल्या तिथे वाळतो. खाली थेंब पडतच नाही. अशा वेळी मागे राहिलेला डाग शोधायचा. कूलंटमधलं पाणी उडून जातं आणि रंगाची पांढुरकी, हिरवट किंवा गुलाबी खपली उरते. ही खपली जिथे सर्वांत उंचावर दिसेल तिथून शोध सुरू करावा, कारण ओघळ खाली आणि चालत्या गाडीत मागे जातो.

तिसरी वेळ सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी पाहिली जाणारी. गाडी चांगली तापवून आणा, बंद करा आणि पाच-दहा मिनिटं तिथेच थांबा. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, कूलंट फिरायचं थांबतं, पण धातूत साठलेली उष्णता त्यात उतरतच राहते. त्यामुळे बंद केल्यावर काही मिनिटं आतलं तापमान आणि दाब उलट वाढतात. दिवसभर लपलेली गळती या वेळात बोलते. नुसतं कान देऊन ऐकलं तरी बारीक ‘स्स’ ऐकू येतं. टॉर्च मारून पाहा, पण हात लांब ठेवा, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो.

हे सगळं नेमकं कळावं म्हणून बाटलीवर पातळीला चिकटपट्टी लावा आणि रोज सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी बघा. गरम गाडीत पातळी वर चढलेली असते, तिच्यावरून काही ठरवता येत नाही. आठवड्यात बोटभर उतरली तर दुरुस्तीचा दिवस ठरवायला वेळ आहे. एका फेरीत बोटभर उतरली तर गाडी बाहेर काढू नये.

खाली पडलंय ते आहे काय?

पुण्यात निम्म्या शंका इथेच मिटतात. उन्हाळ्यात एसी लावून आल्यावर डाव्या सीटच्या पायाखालच्या बाजूला जे पाणी टपकतं ते हवेतलं बाष्प आहे. त्याला रंग नसतो, वास नसतो, बोटांत चिकट लागत नाही. सोसायटीत पहाटे गाडी पुसणारे बादलीभर पाणी सांडून जातात, त्यामुळे ते यायच्या आधी फरशी पाहावी. पावसाळ्यात तर सगळंच ओलं. सोपा मार्ग म्हणजे खोक्याचा एक मोठा कोरडा पुठ्ठा रात्री इंजिनाखाली सरकवायचा आणि पुढचं चाक कुठे आहे त्याची त्यावर खूण करायची. सकाळी डाग कोणत्या बाजूला आहे ते कळतं. पांढरा टिश्यू पेपर त्यावर टेकवला की रंग दिसतो. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो.

चव मात्र कधीही घेऊ नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. थोड्याशानेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जातो. सोसायटीतल्या त्या जिवांसाठी आणि रांगत्या मुलांसाठी सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढा.

इंजिनाखाली प्लॅस्टिकची शील्ड असेल तर पुठ्ठ्यावरच्या डागावर फार विसंबू नका. गळलेलं आधी शील्डवर जमतं आणि भलत्याच भोकातून खाली येतं. अशा गाडीत शील्ड उतरवून पाहण्याला पर्याय नाही.

नेहमीच्या जागा

जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांबं-पितळेचे असत, फुटले की पेठेतला रेडिएटरवाला डाख देऊन ते बुजवायचा. आताच्या रेडिएटरमध्ये मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि दोन्ही कडांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. पत्र्याचे दात वळवून मध्ये रबरी सील दाबलेलं असतं. वर्षानुवर्षं तापून-निवून प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि नेमका हा सांधा, नाहीतर होज पाइप बसतो ते नळकांडं तडकतं. सांध्यावर उभी खपली दिसली की समजावं. एम-सीलने ते काही दिवस थांबतं, टिकत नाही. रेडिएटर बदलणं हेच खरं काम. पुढच्या जाळीवर दगड लागून झालेलं भोक असेल तर ते काही गाड्यांत समोरून, ग्रिलमधून टॉर्च मारून दिसतं.

होज पाइप गाडी थंड असताना हाताने दाबून पाहायचे. चांगला पाइप दबतो आणि परत येतो. कडक, कुरकुरणारा किंवा उलट तेल लागून फुगलेला, मऊ पडलेला पाइप बदलायचा. मोठे दोन पाइप सगळे बघतात. हीटरला जाणारे, थ्रॉटल बॉडीला जाणारे आणि बायपासचा छोटा पाइप, हे मागच्या अंधारात राहतात आणि तेच फुटतात. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर पाइपांवर दातांच्या खुणा आहेत का तेही पाहावं.

वॉटर पंपाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. पंपाच्या दांड्यावर एक सील असतं आणि सील व बेअरिंग यांच्यामध्ये अंगात मुद्दाम एक छोटं भोक ठेवलेलं असतं. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न घुसता त्या भोकातून बाहेर यावं, यासाठी ती सोय. म्हणजे तिथून थेंब येतोय, याचा अर्थ पंप स्वतःहून सांगतोय की माझं आयुष्य संपत आलं. काही जण हे भोकच बुजवून टाकतात. त्याने गळती थांबलेली दिसते, पण कूलंट बेअरिंग खातं, पुली डुगडुगते आणि एक दिवस पट्टा निघून जातो. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टच्या मागे असतो. तिथे पंप गेला तर बेल्ट आणि बेल्ट बदलायची वेळ आली तर पंप, असं एकदमच करून घ्यावं. मजुरी दोनदा पडत नाही.

राहिलेल्यांत थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं) हाउसिंग, रेडिएटरच्या तळाची निचरा-तोटी, तडकलेली बाटली आणि ब्लॉकमध्ये ठोकून बसवलेल्या गोल पत्र्याच्या चकत्या, म्हणजे कोअर प्लग. साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत या चकत्या आतून सडतात.

हीटरची छोटी जाळी डॅशबोर्डच्या आत असते. आपण पुण्यात हीटर क्वचितच लावतो, पण बऱ्याच गाड्यांत कूलंट तिच्यातून कायम फिरतं. ती गळली तर पायातलं मॅटिंग ओलं होतं, आत गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेवर पुसली न जाणारी चिकट वाफ धरते. एसीची निचऱ्याची नळी तुंबल्यावरही मॅटिंग ओलं होतं, म्हणून इथेही टिश्यू पेपर लावून पाहावं.

इंजिन पाणी खातंय

बाहेर कुठेही डाग नाही, पुठ्ठा कोरडा, मॅटिंग कोरडं आणि पातळी तरी घटते, तर मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन पाणी खातंय.’ बहुधा हेड गॅस्केट गेलेली असते. कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन वाफ होतं आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतं. थंडीच्या सकाळी सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसणं साधं आहे. गाडी तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर ते गंभीर आहे. दुसरी खूण याहून लवकर दिसते. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज पाइप दगडासारखा टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा असूच शकत नाही, एवढ्यात कूलंट तापलेलंच नसतं. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय. बाटलीत सतत बुडबुडे येतात तेही त्याचेच.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक घाबरतात. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तिथे बाष्प जमूनही तसं होतं. डिपस्टिक काढून पाहा. ऑइल काठीवरही चहासारखं दिसत असेल तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या.

गॅरेजमध्ये दोन तपासण्या मागून घ्या. पहिली प्रेशर टेस्ट: थंड गाडीत झाकणाच्या जागी हातपंप आणि मीटर लावून, झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघायचा. इंजिन बंद, पंखा बंद, काही पोळत नाही, आणि गळती जिथे असेल तिथे थेंब उभा राहतो. काटा उतरला आणि बाहेर थेंब नाही, तर गळती आत आहे, नाहीतर हीटरच्या जाळीत. दुसरी तपासणी आतल्या संशयासाठी: रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात, त्यात जळलेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. हे दोन्ही न करता कुणी थेट ‘हेड उतरवू’ म्हणाला, तर मी गाडी तिथून काढून घेईन.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. गाडी विद्यापीठ चौकाच्या सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, पण पातळी जिथल्या तिथे, तर तो गळतीचा प्रश्न नाही. पंखा किंवा त्याचा रिले-सेन्सर पाहा. कात्रज घाट चढतानाच तापत असेल आणि पातळी ठीक असेल, तर रेडिएटर तुंबलाय का ते पाहावं.

हळद, पावडर आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते, हे खरं आहे. बारीक कण फटीत जाऊन बसतात. बाजारातल्या लीक-स्टॉप बाटल्यांचंही काम असंच चालतं. पण त्या कणांना फट कोणती आणि हीटरची नळी कोणती हे कळत नाही. आडरानात घरी पोचायला एखाद्याने केलं तर समजू शकतो, रोजच्या गाडीत तो इलाज नव्हे. थर्मोस्टॅट काढून टाकणं हाही तसलाच प्रकार. त्याने इंजिन नेहमी हवं त्याहून थंड चालतं, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते आणि गळती होती तिथेच राहते.

रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे कंपनीने घातलेले रंग आहेत, त्यांवरून आतलं रसायन कळत नाही, आणि न जुळणारी रसायनं मिसळली तर गंजरोधक गुण कमी होतो, कधी गाळही धरतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार घ्या. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं.

वाटेत तापली तर

खंबाटकीत किंवा दिवे घाटात काटा लाल पट्ट्याकडे निघाला तर एसी बंद, हीटर पूर्ण, आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी कडेला. हीटरमुळे थोडी उष्णता आत निघते, तेवढीच मदत. मग इंजिन बंद. काटा चढून एकदम खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला की तो खोटंच सांगतो. बऱ्याच लहान गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला म्हणजे थांबायचंच.

झाकण गरम असताना उघडायचं नाही. झाकण फिरवल्यावर दाब सुटतो, शंभरच्या वरचं कूलंट क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. माणसं यात चेहरा आणि डोळे भाजून घेतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाइप दाबून मऊ पडलाय का ते पाहा, मग जाड कापड ठेवून हळूहळू सोडवा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला चीर जाऊ शकते. निवल्यावर पिण्याच्या पाण्याची बाटली रेडिएटरमध्ये रिकामी केली तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये तसं सांगा, म्हणजे ते मिश्रण बदलून देतील.

दुरुस्तीनंतर

नवीन कूलंट भरताना आत हवा अडकते. हवा काढायला झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवावं लागतं. काही गाड्यांना त्यासाठी वेगळा स्क्रू असतो. एवढं करूनही थोडी हवा राहते आणि पुढचे दोन-चार दिवस ती बाहेर पडून पातळी किंचित उतरते. त्याला गळती समजू नका, थंड गाडीत वरच्या खुणेपर्यंत भरून घ्या. त्यानंतर पातळी चिकटपट्टीवर स्थिर राहिली पाहिजे. पुढच्या आठवड्यातही उतरत राहिली, तर जी बुजवली ती एकटीच गळती नव्हती. पुन्हा प्रेशर टेस्ट करायला सांगा आणि काटा उतरतो का, ते स्वतः उभं राहून पाहा.